उसना भरवसा

एखाद्या माणसाची चौकशी करताना "माणूस भरवशाचा आहे" एवढे उत्तर मिळाले, की आपले समाधान होते. कशाच्या बाबतीत भरवशाचा, हे आपण सहसा विचारीत नाही. उसने घेतलेले पैसे वेळेवर परत करणारा गृहस्थ मुलीसाठी स्थळ सुचवतानाही नीट पारखूनच सुचवील, असे आपण धरून चालतो. आणि तसे न घडल्यास त्या गृहस्थाला दोष देतो. वास्तविक त्याने आपल्याला फसवलेले नसते. एका कामात त्याने मिळवलेली पत आपणच परस्पर दुसऱ्या कामाच्या खात्यावर मांडलेली असते.

माणसांच्या बाबतीत ही उचलाउचल इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यातली चूक दिसणे अवघड. यंत्राच्या बाबतीत ती लवकर दिसते, कारण यंत्राला भीड नसते. म्हणून येथे मी एका यंत्राची हकीकत घेणार आहे. सणाच्या दिवसांत इंजिन आणि रेडिएटर यांची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. अभ्यंगस्नानाचे पाणीही तिच्यात येणार आहे.

घरी विमान बांधणारी माणसे जगात हजारोंनी आहेत. कोणी गाडीच्या खोलीत बांधतो, कोणी धान्याच्या कोठारात. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभे केले. २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची सरकारदरबारी नोंद झाली. एकटा माणूस असले काम वर्षानुवर्षे करीत बसतो, यात वेड आहे खरे. पण ते वेड लाकूड, कापड, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर चालू शकते. अडते ते इंजिनापाशी. विमानासाठी म्हणून बनवलेले, सरकारी प्रमाणपत्र असलेले नवे इंजिन घ्यावे, तर लहान विमानाच्या बाबतीत त्याची किंमत पुष्कळदा उरलेल्या सगळ्या सामानाहून जास्त भरते. उलट मोटारगाडीचे जुने इंजिन भंगाराच्या बाजारात तिच्या अल्पांशात मिळते. मग बांधणाऱ्याच्या मनात साहजिकच येते : हे इंजिन लाख-दीड लाख किलोमीटर कुरकुर न करता चालले. इतके भरवशाचे यंत्र विमानात का चालू नये?

हा प्रश्न आमच्याकडे जमिनीवर, फार साध्या रूपात येऊन गेलेला आहे. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव हे रेणुकादेवीच्या देवळासाठी ओळखले जाणारे गाव. शिवारापर्यंत वीज पोचली नव्हती त्या काळात या भागात विहिरीवर डिझेलचे इंजिन बसणे ही घरातल्या लग्नाइतकी मोठी गोष्ट असे. इंजिन पंप चालवी, आणि पंपाने उपसलेल्या पाण्याची एक बारीक धार नळीने इंजिनाच्या अंगातून फिरून पाटात पडे. त्या धारेखाली थंडीत हात धरायला मुलांना मोठी मौज वाटे. पुढे वीज आली, विजेचा पंप बसला, आणि रिकामे झालेले इंजिन बैलगाडीत घालून गावात आणायचे, पिठाच्या गिरणीला जोडायचे, असा बेत होई. पट्टा चढे, जाते फिरू लागे, आणि पायलीभर दळण होते न होते तोच इंजिन वाफ टाकू लागे. इंजिनात काहीही बिघाड नसे. विहीर मागे राहिलेली असे.

जाणते मिस्त्री म्हणूनच गिरणीच्या भिंतीबाहेर पाण्याचा हौद बांधल्याखेरीज कामाला हात लावीत नसत. "इंजन बसवून देतो, पण पाणी कुठून देता ते आधी सांगा," हा त्यांचा पहिला प्रश्न असे. इंजिन किती जुने, कोणत्या कंपनीचे, हे सारे त्यानंतर.

आपल्या नैयायिकांनी या प्रश्नाला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यांनी लहानपणी घोकला असेल त्यांना डोंगरावरचा धूर आठवेल. जेथे धूर तेथे अग्नी, हे अनुमान पक्के. पण ते उलटे करून पाहा : जेथे अग्नी तेथे धूर. चुलीपुढे बसलेल्या माणसाला हेही तितकेच पक्के वाटते. तरीही ते खोटे आहे. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा अग्नीने भरलेला असतो आणि त्याला धूर नसतो. चुलीत धूर होता तो नुसत्या अग्नीमुळे नव्हे, लाकडे ओली होती म्हणून. ही जी न बोललेली, नजरेआड राहिलेली अट, तिला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. आज उपाधी म्हटले की आपल्याला नावापुढची पदवी आठवते. मूळ अर्थ मात्र अधिक उपयोगाचा होता. विहिरीवरच्या इंजिनाची उपाधी विहीर ही होती. गाडीच्या इंजिनाची उपाधी कोणती?

ती एक नाही, अनेक आहेत. गाडीचे इंजिन सामान्यतः फार थोडे काम करते, ही त्यांतली पहिली. सदतीस-अडतीस अश्वशक्तीची लहान गाडी सपाट रस्त्यावर ताशी ऐंशी किलोमीटरने निघाली, तर तिला चालू ठेवायला आठ-दहा अश्वशक्ती पुरतात. पुरी ताकद लागते ती घाटात किंवा ट्रकला मागे टाकताना, आणि तीही काही सेकंद. म्हणजे लाख किलोमीटरचा तो बिनतक्रार प्रवास इंजिनाने बव्हंशी पाव ताकदीने केलेला असतो. विमानात उड्डाणाला आणि वर चढायला सगळीच्या सगळी ताकद लागते, आणि पुढे तासन्‌तास सरळ जातानाही पाऊण तरी लागते. दुकानात बसून हिशेब लिहिणाऱ्याने वर्षानुवर्षे कधी खाडा केला नाही, म्हणून त्याला कोणी उसाच्या तोडणीवर पाठवीत नाही. इंजिनाला मात्र पाठवतात.

दुसरी उपाधी वेगाची. मोटारीचे आजचे इंजिन मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे घेते तेव्हा कोठे आपली पुरी ताकद देते. विमानाचा प्रोपेलर इतक्या वेगाने फिरवला तर त्याच्या पात्याचे टोक ध्वनीच्या वेगापलीकडे जाऊ पाहते. मग आवाज फार होतो, ओढ कमी होते. त्याला अडीच-पावणेतीन हजार फेरेच मानवतात. म्हणून मध्ये दातेरी चक्रे किंवा पट्टा घालून वेग उतरवावा लागतो, आणि या मधल्या सामानाला इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याचा हिसका सोसावा लागतो. गाडीत हा हिसका क्लच आणि रबरी चाके मुकाट्याने गिळून टाकतात. त्यांची आठवणही आपल्याला नसते.

पण सर्वांत मोठी उपाधी उष्णतेची. तिच्यापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण घरी विमान बांधणाऱ्यांचे सर्वांत जास्त दिवस, आणि सर्वांत जास्त झोप, येथेच खर्ची पडते.

इंजिनात जाळलेल्या इंधनातून जी उष्णता निघते तिचा ढोबळ मानाने चौथा ते तिसरा हिस्सा कामी येतो. उरलेल्यापैकी काही धुराच्या नळीतून जाते, आणि जवळजवळ कामी आलेल्या हिश्श्याएवढीच उष्णता इंजिनाच्या अंगात राहू पाहते. ती काढून टाकली नाही तर तेल पातळ होते, दट्ट्या फुगतो, झडपा जळतात. चाळीस अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनाच्या अंगातून वीस ते तीस किलोवॉट उष्णता अखंड बाहेर काढावी लागते. दिवाळीच्या पहाटे दहा-पंधरा घरांतले पाणी तापवायचे हीटर एकदम चालू आहेत, आणि ती सारी धग एका लहानशा पेटीत कोंडली आहे, अशी कल्पना करावी. तीही नरकचतुर्दशीपुरती नव्हे, विमान हवेत असेपर्यंत.

आता नवख्या माणसाला वाटते, विमानाला गार वाऱ्याची काय वाण? समोरून ताशी दीडशे किलोमीटरने वारा येतो आहे. रेडिएटर नाकावर बांधला आणि पुढे मोठे भोक ठेवले की झाले. प्रत्यक्षात असे मोठे भोक ठेवलेली विमाने तापतात. वाऱ्याचा स्वभाव पाण्यासारखा आहे : वाट सोपी असेल तिकडून जायचे. रेडिएटरच्या दाट जाळीतून घुसण्यापेक्षा तिच्या कडेने निसटणे त्याला सोपे. म्हणून जाळीभोवती बोटभर फट राहिली तरी अर्धा वारा फुकट जातो, आणि बांधणारा पत्र्याच्या पट्ट्या, रबराच्या पट्ट्या लावीत बसतो. शिवाय आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला जागा हवी. कोंदट खोलीत समोरची खिडकी कितीही मोठी केली तरी मागचे दार उघडल्याशिवाय झुळूक येत नाही, तसेच येथे. वारा बाहेर पडण्याची जागा विमानाच्या अंगावर जेथे हवेचा दाब कमी असतो तेथे शोधावी लागते. ती चुकून जास्त दाबाच्या जागी ठेवली, तर वारा तिकडूनच आत शिरू पाहतो आणि दोन्ही वारे मध्ये अडून राहतात. तज्ज्ञांचा नियम याहूनही उफराटा आहे : वारा जिथून घ्यायचा ते तोंड रेडिएटरपेक्षा पुष्कळ लहान ठेवावे, मग वाट हळूहळू रुंद करीत न्यावी, म्हणजे वारा मंदावतो, त्याचा दाब वाढतो, आणि तो घाई न करता सबंध जाळीतून जातो. घाईत गेलेला वारा विमानाला मागे ओढतो फार आणि उष्णता नेतो थोडी.

हे सगळे जमले तरी चढण बाकी असते. विमान वर चढते तेव्हा त्याचा वेग सर्वांत कमी असतो आणि इंजिनाची ताकद सर्वांत जास्त लागलेली असते. ज्या घटकेला उष्णता अधिकात अधिक, त्याच घटकेला वारा कमीत कमी. गाडीला अशा वेळी बाजूला उभे राहून बॉनेट उघडता येते. आमच्या भागात उन्हाळ्यात तशा उभ्या राहिलेल्या जीपगाड्या, आणि घागर घेऊन जवळच्या विहिरीकडे निघालेला त्यांचा क्लीनर, हे एके काळी नेहमीचे दृश्य होते. पाचशे फुटांवर घागर नेता येत नाही.

या अडचणींतून लोकांनी वाटा काढल्या नाहीत असे नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल नावाच्या, स्वतःच स्वतःला शिकवलेल्या कारागिराने १९२९ साली फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीचे इंजिन आपल्या विमानात बसवून ते उडवले. त्याचा रेडिएटर इंजिनावर उभा, थेट वैमानिकाच्या डोळ्यांपुढे. समोरचे पाहायचे तर त्याच्या कडेने डोकवायचे. दिसायला गबाळे, पण वारा मात्र मोकळा मिळे. पीटनपोलचे यश पाहताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये : ते इंजिन संथ होते. चाळीस अश्वशक्ती ते मिनिटाला दोन हजार दोनशे फेऱ्यांतच देई, म्हणजे प्रोपेलरला जेवढे हवेत साधारण तेवढेच. मधली चक्रे नकोत, हिसके नकोत. त्याने इंजिनावर विश्वास टाकला तो त्याची उपाधी पाहून. त्याच्या आराखड्यावरून आजही लोक विमाने बांधतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात फोक्सवॅगनच्या लहान गाडीचे इंजिन अनेकांनी उचलले. त्याला पाणी लागत नाही, ते हवेनेच गार होते. म्हणजे रेडिएटरची कटकट मिटली असे वाटावे. पण गाडीत त्याच्या डोक्यावर पत्र्याचे आवरण आणि आत एक जोरदार पंखा होता. विमानात वजन वाचवण्यासाठी तो काढला की पुढच्या सिलिंडरांना वारा मिळतो, मागचे उपाशी राहतात. पुन्हा पत्र्याच्या भिंती घालून वाटणी करून द्यावी लागते. आणि इतके केल्यावरही या इंजिनातून किती ताकद सतत घ्यावी, याची मर्यादा त्याच्या दट्ट्याचा आकार ठरवीत नाही. त्याचे डोके किती उष्णता टाकू शकते, ते ठरवते. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते इंजिनापुरते वाटले नाही. असो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. उपाधी, उपाधी म्हणत बसले तर कोणी कधी उडालेच नसते. राइट बंधूंजवळ कोणाची साक्ष होती? त्यांच्याआधी कोणी इंजिनाच्या बळावर, ताबा ठेवून, वर गेलेच नव्हते.

राइट बंधूंची इंजिनाची हकीकत मुळातून पाहण्यासारखी आहे. त्यांनी आधी मोटारींच्या कारखानदारांना पत्रे लिहिली होती. पुरेसे हलके इंजिन कोणाकडे मिळेना, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातला यंत्रकार चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत एक चार सिलिंडरांचे इंजिन घडवले. थंड असताना, सुरू केल्याबरोबर, ते सोळाच्या आसपास अश्वशक्ती देई. पण थोड्याच वेळात तापून ते बारावर उतरे. आता या बंधूंची शहाणीव पाहा. विमानाला किती ताकद लागेल याचा हिशेब त्यांनी आधीच मांडलेला होता, आणि तो आठ अश्वशक्तीच्या आसपास होता. म्हणजे तापून उतरलेल्या इंजिनातही पुरेशी ताकद शिल्लक होती. त्याआधी वाऱ्याच्या पेटीत त्यांनी पंखांचे दोनशेच्या वर नमुने तपासले होते. इंजिनाशिवायच्या घसरत्या उड्डाणांची तर शेकड्यांनी मोजदाद. १७ डिसेंबर १९०३ ला जे पहिले उड्डाण बारा सेकंद आणि एकशेवीस फूट झाले, त्याच्या मागे असा हिशेब उभा होता. त्यांच्यापाशी कोणाची साक्ष नव्हती हे खरे. म्हणून त्यांनी ती स्वतः जमवली. उसनी घेतली नाही. आक्षेपाचे उत्तर मला यातच मिळते.

आता जी गोष्ट सांगायची ती जवळची आहे आणि जड आहे. यवतमाळ जिल्ह्यात, मराठवाड्याच्या हद्दीला लागून असलेल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. तेथल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बांधले होते. शाळा आठवीपर्यंत, हातात पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम. इंजिन मारुती ८०० गाडीचे : तीन सिलिंडर, ७९६ घन सेंटिमीटर, भारतातल्या लाखो मध्यमवर्गीय कुटुंबांना ज्याने कधी रस्त्यात टाकले नाही ते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाला काही दिवस उरले असताना, तो रात्री जमिनीवरच त्याची चाचणी घेत होता. शेपटीचा पंखा तुटला, तो मुख्य पंख्यावर आदळला, आणि त्याचे पाते त्या तरुणाच्या डोक्याला लागले. त्यात तो गेला.

इंजिनाने दगा दिला नव्हता, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. मारुतीचे इंजिन चालतच होते. तुटले ते दुसरेच काही. एका भागाबद्दलची खात्री किती दूरवर पसरते पाहा : इंजिन नावाजलेले, कारागिराचा हातही नावाजलेला, म्हणून सगळे यंत्रच नावाजलेले वाटू लागते. पण ज्या हाताने जमिनीवर उभ्या राहणाऱ्या वस्तू नीट जोडल्या, त्या हाताची कीर्ती मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या पात्याच्या जोडापाशी साक्ष द्यायला येऊ शकत नाही. त्या पात्याची साक्ष वेगळी घ्यावी लागते : दूर उभे राहून, आडोसा करून, आत कोणी बसलेले नसताना.

त्यानंतर बातम्या आल्या, हळहळ झाली, 'गावाकडचा शास्त्रज्ञ' म्हणून गौरव झाला. काहींनी उलट, परवानगी नसताना असले उद्योग करावेतच कशाला, असेही म्हटले. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क माणसाला आहे काय, हा प्रश्न आपण हौसेने उडणाऱ्यालाच विचारतो. पोटासाठी विहिरीत सुरुंग लावायला उतरणाऱ्याला तो कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. माझ्या मते तो हक्क आहे. पण पैज लावायची तर काय पणाला लागले आहे हे लावणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, आणि उसन्या भरवशाने नेमके तेच झाकले जाते. अशा वेळी ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडे एक देणे निघते. कौतुक करणारे त्या मुलाभोवती असतील, पण शेपटीच्या जोडाकडे बोट दाखवून "हा किती फेऱ्यांपर्यंत टिकतो हे पाहिलेस का?" असे विचारणारा कोण होता? तसा माणूस महागाव तालुक्यात नसेल. पण या राज्यात अभियांत्रिकी महाविद्यालये शेकड्यांनी आहेत. त्यांच्या दारापर्यंत आठवी शिकलेल्या वेल्डरने जावे आणि तेथे त्याला चहा देऊन त्याचे चित्र नीट पाहिले जावे, असा रस्ता आपण बांधलेला नाही. मनाईची पाटी लावणे सोपे असते, पाठ थोपटणे त्याहून सोपे. शंका विचारायला मात्र विषय यावा लागतो आणि वेळ द्यावा लागतो.

अमेरिकेत या बाबतीत एक नियम पुष्कळ वर्षे चालत आलेला आहे, आणि मला तो फार विचारपूर्वक केलेला वाटतो. घरी बांधलेले विमान तेथे कोणी अडवीत नाही. पण पहिले काही तास ते विरळ वस्तीच्या मुलखावरच उडवायचे, आणि बांधणाऱ्याने बहुधा एकट्याने. हौशी पाहुण्याला त्यात जागा नाही. इंजिन आणि प्रोपेलर यांची जोडी विमानासाठी म्हणून प्रमाणित असेल तर हे तास पंचवीस. तशी नसेल, म्हणजे गाडीचे इंजिन वगैरे असेल, तर चाळीस. अलीकडे तासांऐवजी ठरावीक चाचण्यांची यादी पुरी करण्याचीही मुभा मिळाली आहे. परंतु पंचवीस आणि चाळीस यांतल्या त्या पंधरा तासांत मला एक सबंध तत्त्वज्ञान दिसते. तुझे इंजिन वाईट आहे असे नियम म्हणत नाही. रस्त्यावर त्याने मिळवलेली पत रस्त्यावर ठेवून ये, येथली येथे मिळव, आणि मिळवून होईपर्यंत किंमत दुसऱ्याला मोजायला लावू नकोस, एवढेच तो सांगतो. त्या पंधरा तासांत बांधणारा वर चढतो, काटा लाल रेषेकडे सरकताना पाहतो, नाक खाली करून वेग घेतो, काटा उतरतो. उतरल्यावर आवरण काढतो, आणखी एक फट बुजवतो, बाहेर जाण्याची वाट बोटभर रुंद करतो, आणि वहीत आकडे मांडतो. त्या वहीत काहीही थोर नसते. "तेल ११०, पाणी ९८, चढण चार मिनिटे" अशा धर्तीची ती टाचणे असतात.

मग एक्केचाळिसावा तास येतो, आणि येथे प्रश्न पुन्हा माणसांकडे वळतो. चाळीस तास पुरे झाले की विमानात दुसऱ्या आसनावर माणूस बसवता येतो. आणि पहिला बसणारा बहुधा कोणी परका नसतो. ज्यांनी वर्षानुवर्षे जेवणाची पाने वाढून "आता तरी या" म्हणून हाका मारल्या, त्या घरच्यांपैकीच कोणी तरी असते. बायको, नाही तर शाळेत जाणारा मुलगा. त्यांनी वही वाचलेली नसते. वाचली तरी अठ्ठ्याण्णव अंश हे बरे की वाईट, हे त्यांना कळणार नाही. ती बसतात ती इंजिनाच्या भरवशावर नव्हे, माणसाच्या. वीस वर्षे ज्याने घर चालवले, मुलाचा ताप उतरेपर्यंत जो उशाशी बसला, तो आपल्याला कशाला धोक्यात घालील? त्यांची ही खात्री खोटी नाही. पण ती स्वयंपाकघरात आणि आजारपणात मिळालेली आहे, रेडिएटरच्या नळीपाशी नव्हे. गंमत अशी, की चाळीस तास जो दुसऱ्याची पत उसनी न घेता राहिला, त्यालाच या घटकेला सर्वांत मोठा उसना भरवसा कोणी न मागता हातात आणून देतो. तो घ्यावा की घेऊ नये, हे कोणताही नियम त्याला सांगू शकत नाही.

नियमाने त्यावर एवढेच केले आहे. असल्या विमानात प्रवेशाच्या जागेजवळ, हे विमान प्रायोगिक आहे, असा अर्थ सांगणारा शब्द किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. आणि आत, प्रवाशाच्या डोळ्यांसमोर, एक पट्टी लावावी लागते. हे विमान हौशी माणसाने बांधलेले आहे आणि नेहमीच्या विमानांसाठी असलेल्या सरकारी सुरक्षा-नियमांत ते बसत नाही, एवढाच तिचा आशय. बांधणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने लावायची असते. पट्टा आवळताना बायको ती वाचते, हसून त्याच्याकडे पाहते; आणि तो इंजिन सुरू करण्याआधी, आज वाऱ्याची दिशा कोणती आणि पाण्याचा काटा कोठे पोचला तर आपण परत फिरायचे, हे तिला सांगू लागतो.